निसर्गचित्र आणि भूमिरक्षण

निसर्गचित्र म्हणजे दिवाणखान्याची शोभा, ही आपली समजूत अपुरी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सांता बार्बरा येथे रे स्ट्राँग, आर्तुरो टेलो आदी स्थानिक चित्रकारांनी १९८६ साली ‘ओक ग्रुप’ स्थापन केला. बांधकामांचे संकट ओढवलेल्या टेकड्या, कुरणे व सागरकिनारे प्रत्यक्ष तेथे बसून रंगवायचे आणि चित्रविक्रीतील वाटा भूमिरक्षणास द्यायचा, हा त्यांचा परिपाठ.

केवळ चित्राने जमीन वाचत नाही, हे खरे. त्याच परिसरातील कार्पिंटेरिया गावची समुद्रकड्यावरील ५२ एकर जमीन १९९८ मध्ये वाचली, ती नागरिकांनी संघटित होऊन निधी उभारला म्हणून. परंतु आपण काय गमावणार आहोत, हे उमगल्यावाचून कोणी पदरचे पैसे देत नाही. ते चित्र दाखवते.

सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र कळते, तिचे रूप कळत नाही. म्हणून चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर व मधला सूर्य गिरवण्याऐवजी विद्यार्थ्यांना गावच्या टेकडीवर, गायरानात न्यावे. त्या चित्रांचे प्रदर्शन मात्र ग्रामसभेच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या आवारातच भरवावे. जमिनीविषयी निर्णय घेणाऱ्यांनी ती आधी डोळे भरून पाहिलेली असावी.