हिरवळीवरचे चट्टे आणि विहिरीचे पाणी

अलिबाग तालुक्यात किहीम, आवास, नागाव या बाजूंना मुंबईकरांचे जे बंगले उभे राहिले आहेत, त्यांच्या पुढ्यातील हिरवळीला एक दुखणे जडलेले दिसते. फेब्रुवारी सरता सरता गवतावर तपकिरी चट्टे उमटतात, मे महिन्यापर्यंत पसरतात, पावसाळ्यात नाहीसे होतात आणि पुढील वर्षी बहुधा त्याच जागी पुन्हा उगवतात. मालक माळ्याला बोल लावतो, माळी खताला. जूनमध्ये नवे गवत अंथरले जाते.

वास्तविक निदान तितके अवघड नाही. मेलेले गवत सतरंजीसारखे उचलले गेले आणि खाली पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर तो हुमणीचा उपद्रव होय. पहार वीतभर जाताच खणकन वाजली, तर खाली कातळ किंवा बांधकामाचा राडारोडा आहे. परंतु पात्यांची टोके आधी करपली, आणि जेथे पाणी साचून सुकते तेथे मातीवर पांढरट पापुद्रा धरला, तर संशय विहिरीवर घ्यावा. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस तो धुऊन काढतो. म्हणूनच हे दुखणे दरसाल बरे झाल्यासारखे भासते. पाणी तपासून घेण्याचा खर्च नव्या गवताच्या मानाने क्षुल्लक आहे, पण ते कोणाला सुचत नाही.

किनाऱ्यावर गोडे पाणी समुद्राच्या जड पाण्यावर तरंगत असते. सच्छिद्र जमिनीत त्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते, असा ढोबळ नियम आहे. वरचा एक फूट उपसला गेला, की खारे पाणी कालांतराने त्याच पटीने वर सरकते. आता हिशेब पाहा. दहा गुंठे हिरवळीला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ५,००० लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटरचे माप धरले आहे. म्हणजे हे नव्वद माणसांचे पाणी झाले!

विहीर खाजगी असली, तरी भूजल कुंपण जाणत नाही. त्याच पाण्यावर शेजारच्या वाडीतील नारळी-पोफळी उभ्या आहेत. बंगलेवाल्याला नवे गवत विकत आणता येते. करपलेली पोफळीची बाग पुन्हा फळावर येण्यास वर्षे जातात, आणि हा तोटा उपसा करणाऱ्याच्या वहीत कोठेही मांडला जात नाही.

राज्याचा भूजल अधिनियम आहेच, पण प्रत्येक कुंपणाआड अंमलदार कोण उभा करणार? २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा १९६५ चा प्रबंध नेमका अशाच प्रश्नावर होता. लॉस एंजेलिसजवळच्या किनारी भागात भूजलात समुद्र शिरू लागला, तेव्हा उपसा करणाऱ्यांनीच एकत्र येऊन आकडे गोळा केले आणि न्यायालयामार्फत आपापल्या उपशाला मर्यादा घालून घेतली. आपल्याकडे आरंभ याहून लहान असू शकेल. ग्रामपंचायतीने डिसेंबर व मे अखेरीस गावातील विहिरींचा खारेपणा मोजावा, आणि बंगल्यांच्या विहिरींसह सारे आकडे चावडीवर लावावेत. मोजणीचे काम तालुक्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी आनंदाने करतील.