मोजणाऱ्याला कोण मोजणार?

आमच्या तुळजापुरात महाद्वाराजवळ पेढे विकणाऱ्याच्या तराजूवर वैध मापन खात्याचा शिक्का असावा लागतो. वजन खोटे निघाले तर दंड होतो. ताप पाहण्याची नळी आणि रक्तदाबाचे यंत्र यांनाही मापाचे नियम लागू आहेत. मग मनगटावर बसून माझी पावले, माझी झोप आणि खुद्द माझ्या काळजाचे ठोके मोजणाऱ्या फिटनेस बँडवर शिक्का कोणाचा? कोणाचाच नाही. उलट खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेले असते, की हे वैद्यकीय उपकरण नव्हे. विकताना जाहिरातीत हृदय, विकल्यावर कागदावर खेळणे!

कोणी म्हणेल, दोन हजारांच्या वस्तूसाठी एवढा त्रागा कशाला? वाचकहो, दोन हजार म्हणजे खानावळीचे जवळजवळ महिन्याचे पैसे. शिवाय तक्रार वस्तू स्वस्त असल्याची नाही, ती दिवसेंदिवस बिघडत चालल्याची आहे. माझ्या थोरल्या भावाने २०१९ साली घेतलेला बँड तीन वर्षे चालला. एकदा चार्ज केला की आठवडा निघे. त्याच कंपनीचा, त्याहून 'प्रगत' बँड मी गेल्या वर्षी उन्हाळ्यात घेतला. पडदा मोठा, रंग अधिक, पट्ट्याचे बटण मात्र दुसऱ्या महिन्यात निखळले. दसऱ्यापर्यंत बॅटरीची अशी गत, की रात्री पूर्ण भरावी आणि दुपारच्या तासाला संपावी.

आश्विन पौर्णिमेला देवीची श्रमनिद्रा संपते आणि त्यासाठी सोलापूरहून माणसांचा पूर चालत येतो, हे इथे कोणाला सांगायला नको. गेल्या कोजागिरीला मीही त्या पुरात होतो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पाऊल पाऊण मीटरचे धरले तर ६० हजार पावले. माझ्या बँडने ११ हजार मोजली आणि तामलवाडीच्या बऱ्याच अलीकडे डोळे मिटले. शेजारून अनवाणी चालणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "तुझं घड्याळ झोपलं का रं बाळा?" देवी जागी होण्याच्या रात्री ते झोपले खरे. मावशींची पावले कोणी मोजत नव्हते आणि त्या माझ्या आधी पोहोचल्या. (रोज दहा हजार पावलांचा मंत्र तरी कुठला? १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. नाव आधी, शास्त्र मागाहून!)

पुढची कथा अनेकांना पाठ असेल. दुकानदार म्हणाला, विकणे आमचे, दुरुस्ती कंपनीची. कंपनीच्या फोनवर 'मराठीसाठी तीन दाबा' असे ऐकू आले. तीन दाबल्यावर यंत्र हिंदीत बोलू लागले. सोलापुरातल्या सेवा केंद्राच्या पत्त्यावर मोबाइलची कव्हरे विकत होते. अखेर बँड कुरिअरने पाठवला. २६ दिवसांनी बदली बँड आला, तो कोणीतरी वापरून टाकलेला. पडद्यावर ओरखडे जसेच्या तसे. तोही बिघडला तेव्हा हमीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते, कारण मुदत पहिल्या खरेदीपासूनच मोजतात म्हणे. बरे, पैसे घ्या पण बॅटरी बदलून द्या, असे मी विनवले. उत्तर आले: बॅटरी सुटी मिळत नाही, नव्या बँडवर सवलत मिळेल.

खरी मेख इथे आहे. लिथियमची बॅटरी भरता-रिकामी होता झिजतेच, तो तिचा धर्म. पाणी शिरू नये म्हणून बँड चिकटवून बंद करतात, हेही मान्य. पण झिजणारा भाग बदलताच येऊ नये अशी वस्तू घडवली, की सगळ्या वस्तूचे आयुष्य त्या एका भागाएवढेच उरते. बंगळूरला १९६१ च्या सुमारास सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा कारभार २०१६ साली बंद करण्याचा निर्णय झाला. तरीही त्या घड्याळांना किल्ली दिली की ती चालतात आणि डोळ्याला भिंग लावून बसलेला गल्लीतला कारागीर ती उघडू शकतो. कंपनी गेली, घड्याळ राहिले. बँडचे उलटे. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीने २०१९ च्या मे महिन्यात आपल्या बँडची सेवा गुंडाळली. काही ग्राहकांना तिने पैसे परत केले, पण साठवलेल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनी राहिली, बँड गेला! म्हणजे आपण विकत घेतो असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात भाड्यानेच घेत असतो, फक्त भाडेपट्टीवर मुदत लिहिलेली नसते.

हे रडगाणे केवळ आपल्याकडचे नाही. फिटबिट या नामांकित कंपनीने ऑस्ट्रेलियात सदोष माल घेतलेल्या ग्राहकांना परताव्याच्या आणि बदलीच्या हक्काविषयी चुकीचे सांगितले, म्हणून तिथल्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तिला १ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. बदली वस्तूही बिघडली आणि मूळ मुदत संपली, तर पुन्हा काही मिळणार नाही असे काहींना सांगितले होते. तेही त्यात आले. माझ्या नऊ दिवसांची आठवण व्हावी असेच हे प्रकरण.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २०२० पासून लागू आहे. आता कंपनी मुंबईची असो वा गुरगावची, ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आपल्या धाराशिवला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावरही नोंद होते. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही काढले. पण तिथे माहिती देणे आणि सुटी बॅटरी माझ्या हातात पडणे यांत सोलापूर-तुळजापूरपेक्षा मोठे अंतर आहे. बॅटरी आणि पट्टा किती वर्षे मिळेल, सेवा किती वर्षे चालेल, एवढे खोक्यावर किमतीशेजारी छापायला काय हरकत आहे? बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापतातच ना?

समान गाऱ्हाणे असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आमच्या वर्गात आणि वसतिगृहात त्याच कंपनीचे बंद पडलेले आठ बँड निघाले. सात जणांची बिले जमली आहेत. आठवा आपले बिल शोधतो आहे. आणखी कोणाकडे असेल तर दुपारी ग्रंथालयात मला भेटावे. येताना खोके आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहारही आणावा.