चाक बदलले, जू तेच



परवा सिद्धेश्वरच्या धरणाकडून येताना वाटेत एक बैलगाडी उभी दिसली. चाके टायरची, गाडीत हळदीची पोती. गाडीवान बाबा डाव्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावीत होते. खांदा चांगलाच सुजला होता.

"बाबा, टायरची गाडी असून असे कसे?" मी विचारले.

"चाक बदलले भाऊ, जू तेच हाय ना!"

बाबांनी एका वाक्यात जे सांगितले, त्यावर सरकारने बरीच वर्षे पैसा खर्च केला आहे. १९७० नंतरच्या दशकात बंगलोरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीचा अभ्यास मनावर घेतला. मोठमोठ्या कारखान्यांचे शिक्षण देणारा माणूस बैलगाडीमागे लागला म्हणून तेव्हा कोणी हसलेही असेल. पण जुवाखाली सोलणारी मान, उतारावर ब्रेक नसल्याने बैलाच्या अंगावर येणारी गाडी, ही दुखणी त्यांनी शहाण्यासुरत्या लोकांपुढे मांडली.

पुढे १९८७ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जनावरांच्या शक्तीचा नीट वापर व्हावा म्हणून देशभराचा संशोधन प्रकल्प काढला. भोपाळहून त्याची सूत्रे हलत. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठालाही त्याचे केंद्र मिळाले. बैलाची ओढ किती, हे अशा ठिकाणी यंत्र लावून मोजतात. साधारण हिशेब असा की, जोडी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ बराच वेळ सोसते. ८०० किलोची जोडी असेल तर ८० किलो.

टायरची गाडी डांबरी रस्त्यावर हलकी चालते, म्हणून आपण दोन पोती जास्त टाकतो. ओझे पुढे सरकले की गाडी धुरजड होते आणि ते वजन थेट मानेवर बसते. लाकडाचे गोल जू हातभर जागेवरही टेकत नाही. सूज येणार नाही तर काय?

२०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी जुवाखाली टेकू म्हणून एक जादा चाक बसवले. उसाच्या गाडीला ते शोभले, कौतुकही झाले. आपल्या काळ्या रानात, पावसाळ्यात, ते लहान चाक रुतेल अशी मला शंका आहे. पण करून पाहिल्याशिवाय कोणी सांगावे?

आणि करून पाहायचे ते आपल्याच चिखलात. विद्यापीठाच्या स्थापनादिनी, १८ मे रोजी, परभणीला खरीप मेळावा भरत आला आहे. बियाणाच्या रांगेत आपण सगळे असतोच. एकाने तरी अवजारांच्या मांडवात जाऊन विचारावे : नवे जू कोठे मिळेल, किंमत काय, मोडले तर आमच्या गावचा सुतार दुरुस्त करील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर तेही साहेबांच्या वहीत लिहून घ्यायला लावावे.

हे मी बाबांना सांगत होतो. ते म्हणाले, "मे लांब हाय. आधी हात लावा."

मग आम्ही दोघांनी पुढची चार पोती मागे सरकवली.