वतनाचे कागद स्कॅन झाले, पण आजोबांचे नाव सापडणार कसे?

महसूल खाते जुने सातबारे, फेरफार आणि इतर दप्तर स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर खुले करत आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण महार वतनाच्या वारसांना त्याचा उपयोग किती?

तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडून सर्व्हे किंवा गट नंबर टाकावा लागतो. ज्याच्या ताब्यात जमीन आहे, त्याला नंबर माहीत असतो. दोन पिढ्यांपूर्वी मुंबई-पुण्यात आलेल्या कुटुंबाला मात्र फक्त गाव आणि आजोबांचे नाव आठवते.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. ठरलेली रक्कम भरल्यावर जमीन वतनदाराला परत मिळायची आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नव्हती. म्हणून आज एखादा व्यवहार कायदेशीर आहे की नाही, हे ठरवायला पुनर्प्रदानाचा आदेश आणि त्या काळचा फेरफार हाच पुरावा आहे.

नावाने शोध ठेवला तरी अडचण संपत नाही. जुन्या नोंदींत अनेकदा आडनाव नसते, नाव, बापाचे नाव आणि पुढे जात एवढेच असते. काही दप्तर मोडीत आहे. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि वतनाचा प्रकार अशी सूची माणसे बसवूनच करावी लागेल.

सरकारला हे अशक्य नाही. २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तर तपासले गेले, मोडी वाचणारे लावले गेले आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. तीच यंत्रणा वतनाच्या नोंदींसाठी का नको?

नावे खुली झाल्यास दलालांचे फावेल, असा आक्षेप येईल. पण दलाल आजही तलाठी कार्यालयातून हवा तो कागद मिळवतो. वारसच तेवढा अंधारात राहतो.

सूची होईपर्यंत तरुणांनी गावातील ज्येष्ठांकडून वतनदारांची नावे, त्यांचे वडील आणि शेतांची जुनी नावे लिहून घ्यावीत. त्या आधारे तहसील कार्यालयात अभिलेख पाहणीचा किंवा माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. ही माणसे गेल्यावर स्कॅन केलेल्या कागदावरचे नाव आपलेच आहे, हे सांगणार कोण?

जय भीम!