लेकुरवाळी खेकडी

मृगाचा पाऊस चार दिवस लागून राहिला, की सह्याद्रीच्या पायथ्याशी भरणाऱ्या बाजारांत काळ्या पाठीचे खेकडे दिसू लागतात. कोणी त्यांना मुठे म्हणते, कोणी चिंबोऱ्या, तर दक्षिण कोकणात त्याच कुर्ल्या. घरातील वडीलधाऱ्यांसाठी त्यांचा रस्सा मुद्दाम केला जातो. सर्दी मोडते, अंगात ऊब येते, हाडे बळकट होतात, असा त्यामागचा समज. या रश्श्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. परंतु आधी त्या जीवाची ओळख करून घेऊ. तो कसा खावा आणि केव्हा सोडून द्यावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या जीवनक्रमातच आहेत.

समुद्रातील खेकडी एका वेळी लाखो अंडी घालते. त्यांतून बाहेर पडणारे डिंभ आईसारखे मुळीच दिसत नाहीत. ते लाटांवर तरंगत दूरदूर जातात आणि त्यांतील बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या मुखी पडतात. गोड्या पाण्यातील खेकड्यांचे पूर्वजही समुद्रातलेच. ते नद्यांत, ओढ्यांत शिरले, तेव्हा त्यांच्यापुढे मोठी अडचण उभी राहिली. वाहत्या ओढ्यात तरंगते डिंभ सोडले, तर पहिल्याच पुरात ते वाहून जाणार. उत्क्रांतीच्या दीर्घ ओघात यावर जो मार्ग निघाला, तो मोठा विलक्षण आहे. तरंगती अवस्थाच गळून गेली. गोड्या पाण्यातील खेकडी थोडीच, परंतु मोठी आणि बलकाने भरलेली अंडी घालते. अंड्यांतून थेट चिमुकले खेकडे बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखालच्या रुंद झडपेत सुरक्षित राहतात. जगाच्या निरनिराळ्या भागांत खेकड्यांच्या वेगवेगळ्या कुळांनी समुद्र सोडला, आणि त्यांतील बहुतेकांनी हीच रीत स्वीकारली.

या मायेची किंमतही मोजावी लागली. पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, त्यामुळे कुळाचा विस्तार होतो तो पायी चालूनच. मध्ये उंच डोंगर किंवा कोरडे पठार आले, की वाट खुंटते. दोन खोऱ्यांतील खेकडे एकमेकांना पारखे होतात आणि लक्षावधी वर्षांत त्यांच्या जाती वेगळ्या होतात. उष्ण कटिबंधातील डोंगराळ मुलखात गोड्या पाण्यातील खेकड्यांचे एवढे वैविध्य आढळते, ते यामुळेच. आपला सह्याद्री हे त्याचे उत्तम उदाहरण. दख्खनच्या या खेकड्यांचे वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ मध्येच प्रसिद्ध केले होते. तरीही शोध संपलेला नाही. २०१४ मध्ये येथील काही खेकड्यांसाठी ‘घाटियाना’ ही नवी प्रजातीच स्थापन करण्यात आली. तिच्या नावातच आपला घाट आहे. २०१६ मध्ये पश्चिम घाटातून आणखी पाच नव्या जातींची नोंद झाली. २०१७ मध्ये केरळमध्ये झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात राहणारा खेकडा सापडला. तेथील काणी आदिवासींचे नाव त्याला देण्यात आले.

मात्र ज्याचे घर एकाच डोंगरापुरते आहे, त्याला दुसरीकडे आसरा नाही. २००९ मध्ये जगभरातील सुमारे १२८० जातींचा आढावा घेण्यात आला, तेव्हा जवळजवळ निम्म्या जातींविषयी निर्णय करण्याइतकी माहितीच हाती नव्हती. एखादा ओढा बुजला, तर एखादी जात आपल्याला ठाऊक होण्यापूर्वीच नाहीशी होऊ शकते. हे खेकडे कुजका पाला खाऊन ओढे स्वच्छ ठेवतात आणि त्यांच्या बिळांतून हवा-पाणी मातीत मुरते. त्यांचे जाणे केवळ ताटापुरते नसते.

म्हणून पहिली विनंती. खेकडा उलटा करून पोटाखालची झडप पाहावी. ती अरुंद व टोकदार असेल, तर तो नर. रुंद व गोलसर असेल, तर मादी. झडपेखाली अंडी किंवा पिल्ले दिसली, तर तिला पकडले त्याच ओढ्यात सोडून द्यावे. समुद्री खेकडीची लाखांतली काही अंडी गेली, तर फारसे बिघडत नाही. हिच्या पदरी मोजकीच असतात.

दुसरी गोष्ट आरोग्याची. पॅरागोनिमस नावाचा एक कृमी आहे. त्याचे आयुष्य गोड्या पाण्यातील गोगलगायीत सुरू होते, पुढे तो खेकड्याच्या मांसात दडतो आणि कच्च्या किंवा अर्धकच्च्या खेकड्यातून माणसाच्या फुफ्फुसात पोहोचतो. दीर्घकाळ खोकला आणि तांबूस थुंकी ही त्याची लक्षणे; त्यामुळे पुष्कळदा क्षयाचा संशय येतो. मणिपूर, नागालँड, अरुणाचल या राज्यांत हा रोग ठाऊक आहे. औषधाने तो बरा होतो, परंतु निदान व्हावयास हवे. दीर्घ खोकल्याच्या रुग्णाने कच्चा किंवा अर्धकच्चा खेकडा खाल्ला असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आपल्याकडे खेकडा शिजवूनच खातात, हे खरे. तरी एक फट राहते. रश्श्याला चव यावी म्हणून बारीक नांग्या कच्च्याच पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून त्यांचा रस गाळून घेतात. तो रस रश्श्यात नीट उकळला, तर भय नाही. परंतु त्याच पाट्यावर, न धुता, कोथिंबिरीची चटणी वाटली जाते. त्याच हातांनी काकडी चिरली जाते. धोका तेथे आहे. पाटा, सुरी, भांडी आणि हात गरम पाणी व साबणाने धुतल्याखेरीज दुसऱ्या पदार्थाला लावू नयेत. रस्सा रटरटून उकळावा. लिंबू, कोकम, मीठ किंवा तिखट यांवर भिस्त ठेवू नये. मेलेला खेकडा लवकर नासतो, तो घेऊच नये.

आता हाडांविषयी. खेकड्याचे कॅल्शियम मुख्यत्वे त्याच्या कवचात असते, आणि कवच उकळून ते रश्श्यात फारच थोडे उतरते. मांसातील प्रथिने मात्र उत्तम. तेव्हा रस्सा आवडीने घ्यावा, पण डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीचा पर्याय म्हणून नव्हे. यूरिक आम्ल वाढलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पथ्याने मीठ कमी केलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर पूर्वी कधी अंगावर पित्त उठले असेल, ओठ सुजले असतील, त्यांनी हा पदार्थ वर्ज्यच समजावा. कवळी असणाऱ्यांना किंवा गिळताना ठसका लागणाऱ्यांना मांस सोलून, बोटांनी चाचपून द्यावे. कवचाची बारीक कपची घशात अडकते, तेव्हा मोठी धावपळ होते.

एकमेकांचे पाय ओढणाऱ्यांना आपण खेकड्यांची उपमा देतो. पिल्ले पोटाशी धरून ओढ्याच्या काठी बसलेली खेकडी ज्याने पाहिली, त्याला ही उपमा फारशी रुचणार नाही. वृद्ध आईला घास भरविण्यापूर्वी त्यातील कपची बोटांनी शोधणारे आपण, आणि आपली चिमुकली पिल्ले झडपेखाली सांभाळणारी ती; दोघांचेही काम एकच. या पावसाळ्यात रस्सा जरूर करा, मात्र बाजारातून आणलेला प्रत्येक खेकडा आधी उलटा करून पाहा.