टाइल्सखालचे पंधरा मिलिमीटर



दुबईत 2002 पासून परदेशी लोकांना ठरावीक भागांत मालकीचं घर घेता येऊ लागलं. त्या पहिल्या लाटेतली घरं आता वीस-एक वर्षांची झाली, म्हणजेच बाथरूम नवं करायचा मोसम आला. आपली मंडळी महिनाभर टाइल्सची दुकानं पालथी घालतात, नळ इटालियन घ्यावा की जर्मन यावर घरात दोन तट पडतात, शत्ताफचा रंगसुद्धा नळाशी जुळवून घेतात. पण कमोड आणि सांडपाण्याचा पाइप यांच्यामधला जोड कोणता, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

अमेरिकेतल्या मित्रांना हा जोड 'फ्लँज' म्हणून माहीत असतो. पाइपच्या तोंडाशी एक कडं, ते जमिनीला स्क्रूने घट्ट, वर मेणाची रिंग आणि तिच्यावर कमोड. इथलं प्लंबिंग बहुतेक ब्रिटिश वळणाचं. 110 मिमीचा पाइप, आणि त्यात रबरी ओठांचा पॅन कनेक्टर. पद्धत कुठलीही असो, नियम एकच: जोडाची उंची तयार फरशीवरून मोजायची.

घोळ होतो तो इथेच. जुन्या टाइल्स फोडायच्या म्हणजे धूळ, आवाज आणि इमारतीच्या परवानग्या. म्हणून जुन्यावरच नव्या टाइल्स चिकटवतात. टाइल 10 मिमी, खालचा गोंद 5 मिमी, म्हणजे फरशी 15 मिमी वर आली. भिंतीतून पाइप घेणारा कमोड असेल, तर त्याचं तोंड साधारण फरशीपासून 180 ते 190 मिमीवर असतं. आता कमोड वर चढला, भिंतीतला पाइप मात्र होता तिथेच राहिला. खाली जमिनीत उतरणारा पाइप असेल, तर त्याचं तोंड 15 मिमी खोल गेलं. शिवाय भिंतीवरही टाइल चढली, म्हणजे भिंतीपासूनचं अंतरही तेवढंच घटलं.

यावर उपाय अगदी साधा आहे. तिरका, म्हणजे ऑफसेट कनेक्टर मिळतो, पाइपचं तोंड वर घेणारा तुकडाही मिळतो. एकूण खर्चात तो दिसणारसुद्धा नाही. पण होतं असं, की प्लंबर पाइप टाकून गेलेला असतो, टाइल्सवाला नंतर येतो आणि कमोड बसवायला तिसराच. जोड या तिघांच्या मधला, म्हणून कोणाचाच नाही! मग तिसरा कनेक्टर रेटून वाकडा घालतो, उरलेल्या फटीत पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन भरतो आणि म्हणतो, "हो गया साब." त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पैसे दिसणाऱ्या कामाचे मिळतात आणि दुपारी दुसरी साइट गाठायची असते.

पुढचं गणित सरळ आहे. बऱ्याच इमारतींत आपला पाइप खालच्या फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगमधून जातो. गळती आपल्याला दिसतच नाही, खालच्यांना दिसते, तीही डाग पडल्यावर. वास मात्र आपल्याकडे येतो. कमोडच्या पोटातलं पाणी गटाराची हवा अडवतं खरं, पण हा जोड त्या पाण्याच्या पलीकडे आहे. तिथे फट राहिली तर पाण्याचा बांध असून नसल्यासारखाच.

वास काय, येतो नि जातो, असं वाटत असेल तर हाँगकाँगचं अमॉय गार्डन्स आठवा. 2003 मध्ये त्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना सार्स झाला. बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट पंखे मैलापाइपातली दूषित हवा आत ओढत होते, असं तिथल्या तपासात दिसलं. तिथे वाट कोरड्या ट्रॅपमधून होती. पंखा फुटक्या जोडातूनही तशीच हवा ओढेल.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. या जोडाची मालकी घरमालकाने स्वतःकडे घ्यावी. टाइल निवडल्यावर, पण चिकटवण्याआधी, प्लंबर आणि टाइल्सवाल्याला एकाच दिवशी बोलवा. नवी फरशी कुठे येणार ती रेघ भिंतीवर मारा आणि कमोडचं माप त्या रेघेवरून घ्या. कमोड बसला की सिलिकॉन मारण्याआधी जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून पाच-सहा वेळा फ्लश करा. टिश्यू ओला झाला तर काम परत. जोड जमिनीत असेल तर टिश्यू तिथे पोचत नाही, म्हणून बुडाभोवतीची सिलिकॉनची कड मागे दोन बोटं मोकळी ठेवा. उद्या गळलंच तर पाणी बाहेर दिसू दे, आत कोंडून नको.

एवढं करायला अर्धा दिवस जातो. टाइल्सच्या दुकानात आपण किती शनिवार-रविवार घालवले, ते आठवून बघा!