रुळाचा ताप मोजतात, माणसाचा कोण मोजणार?



वैशाखात रूळ तापला की प्रशासन जागे होते. वेल्डिंग केलेल्या लांब रुळाचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे चढले की उन्हाळी गस्त सुरू करावी, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. रूळ वाकला तर गाडी घसरते. पण भर दुपारी खडीवरून ही गस्त घालणाऱ्या गँगमनच्या अंगाचा ताप कोण मोजतो?

स्नायूचा हिशेब साधा आहे. तो वापरतो त्या शक्तीचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, हृदयाचे ठोके वाढतात, तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. वजनाच्या दोन टक्के पाणी घटले की दम लवकर तुटतो. कडाक्याच्या थंडीत उलट घडते. स्नायू गारठतात, आकुंचन मंदावते, बोटांची पकड सुटते. हिवाळ्यात तुटलेला रूळ शोधत रात्रभर फिरणाऱ्याला हे सांगायला नको.

इटलीतील तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी १८९१ साली थकव्यावर ग्रंथ लिहिला. बोटाने वजन उचलायला लावून त्यांच्या प्रयोगशाळेत थकवा मोजला गेला. ३० वेळा उचलून पुरत्या दमलेल्या स्नायूला सावरायला दोन तास लागले. १५ वेळांनंतर थांबवलेल्याला अर्धा तास पुरला. काम निम्मे, पण विश्रांतीची गरज पावपट! थकल्यावर रेटलेले काम शरीराला सर्वांत महाग पडते. शिवाय बुद्धीच्या श्रमानेही स्नायू थकतो, असे मोस्सो यांना आढळले. रात्रपाळीत टपालाची छाननी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हणजे वेळेवर घेतलेली विश्रांती हा कामचुकारपणा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील २४१ कोटी कामगारांना दरवर्षी अतिउष्णतेत राबावे लागते आणि त्यापायी सुमारे १९ हजार जीव जातात.

आमच्या मागण्या रास्त आहेत. उन्हाळ्यात रुळावरील अवजड काम आणि टपालाची बटवडा-फेरी सकाळी लवकर उरकावी. दर टप्प्यावर सावली, पिण्याचे पाणी व पगारी विश्रांती मिळावी. नव्या भरतीला उन्हाची सवय होण्यास आठ-पंधरा दिवस हलके काम द्यावे. प्रत्येक शाखेने हे मुद्दे लेखी निवेदनात मांडून पोच घ्यावी, आणि दमलेल्या सोबत्याला सावलीत बसवताना कुणाची परवानगी मागू नये.

रूळ वाकला तर बदलता येतो. माणूस कोसळला तर त्याच्या घरी काय उत्तर देणार?